‘साखर निघाली’ : रुग्णकक्षातील रक्तशर्करा आणि मराठी क्रियापदे

मराठी वैद्यकीय परिभाषेची चर्चा आजवर बहुतांशी नामांपुरती मर्यादित राहिली आहे. अमुक इंग्रजी संज्ञेस कोणता प्रतिशब्द द्यावा, तो संस्कृतावरून घडवावा की लोकभाषेतून उचलावा, या प्रश्नांचा विचार दाते-कर्वे यांच्या शास्त्रीय परिभाषा कोशापासून १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयापर्यंत पुष्कळांनी केला, आणि त्यातून उपयुक्त कोशही सिद्ध झाले. परंतु रोग्याशी बोलताना वैद्य नुसते नाम उच्चारीत नाही. तो वाक्य बोलतो. आणि मराठी वाक्यात रोगाची बरीचशी हकीकत क्रियापदच सांगून जाते. परिभाषा कोशात क्रियापदांना फारसे स्थान नसते. ही उणीव कोठे जाचते हे पाहावयाचे झाल्यास अतिदक्षता विभागाबाहेरील साध्या रुग्णकक्षात दाखल झालेल्या प्रौढ रोग्यांच्या वाढलेल्या रक्तशर्करेइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे.

याचे कारण असे की, हा रोगी बहुधा साखरेसाठी आलेला नसतो. तो न्यूमोनियासाठी, मोडलेल्या मांडीच्या हाडासाठी, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेला असतो, आणि दाखल करतेवेळी केलेल्या तपासणीत त्याच्या रक्तातील साखर अधिक आढळते. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटी या संस्थेने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत दर शंभर मिलिलिटरमागे १४० मिलिग्रॅमहून अधिक साखर ही रुग्णालयापुरती ‘अधिक’ मानली आहे. असा आकडा दिसला म्हणजे तीन शक्यता संभवतात. रोग्यास मधुमेह असून तो त्याला ठाऊक आहे; मधुमेह आहे, पण ठाऊक नाही; किंवा मधुमेह नाहीच, आणि आजाराच्या ताणामुळे वा दिलेल्या औषधामुळे साखर तेवढ्यापुरती चढली आहे. ताणाच्या प्रसंगी शरीरात कॉर्टिसॉल, ॲड्रेनलिन इत्यादी द्रव्ये वाढतात, यकृत अधिक साखर सोडू लागते आणि इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. ही तिसरी अवस्था आजार सरताच सरू शकते. दुसरी व तिसरी यांतील भेद पुष्कळदा ग्लायकेटेड हीमोग्लोबिनच्या तपासणीने कळतो. ही तपासणी मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज देते, आणि तिचे प्रमाण ६.५ टक्के वा त्याहून जास्त असेल तर मधुमेह दाखल होण्यापूर्वीचाच होता असे समजतात. रोग्यास नुकतेच रक्त चढविलेले असेल, किंवा त्याच्या रक्तातील हीमोग्लोबिनमध्ये जन्मतःच काही दोष असेल, तर मात्र या आकड्यावर विसंबता येत नाही.

या तीन अवस्थांसाठी मराठीत व्यवहारात शब्द मात्र एकच आहे. ‘मधुमेह’ या शब्दातील ‘मेह’ हा ‘मिह्’ या धातूपासून आला आहे. त्याचा अर्थ सिंचन करणे, मूत्र विसर्जन करणे. ‘मेघ’ हा शब्दही याच धातूशी जोडतात. प्राचीन वैद्यांनी वीस प्रकारचे प्रमेह मानले, आणि उपेक्षा झाली असता ते सर्व अखेरीस मधुमेहाच्या रूपास जातात असे सुश्रुताने सांगितले. मूत्राकडे मुंग्या धावतात हे निरीक्षणही त्याच परंपरेतले. म्हणजे मधुमेह हे नाव मूत्रावरून पडलेले आहे. युरोपातही फार निराळे घडले नाही : ‘डायबिटीज’ या ग्रीक शब्दात आरपार वाहून जाण्याची कल्पना आहे, आणि गोडी केवळ मूत्रात नसून रक्तातही असते हे मॅथ्यू डॉब्सन याने १७७६ साली दाखवीपर्यंत तेथेही लक्ष मूत्राकडेच होते. प्रमेह या शब्दाची मराठीत आणखी एक गत झाली. त्याचे तद्भव रूप ‘परमा’ हे एका गुप्तरोगाचे नाव होऊन बसले, त्यामुळे आज कोणी शास्त्रीय काटेकोरपणासाठी ‘प्रमेह’ पुनरुज्जीवित करू म्हणेल तर रुग्णकक्षात त्याची पंचाईत होईल.

नावाचे मूळ जुने झाले म्हणून नाव टाकून द्यावे लागत नाही. मधुमेह हा शब्द रूढ आहे, नेमका आहे, आणि तो राहावा. अडचण आहे ती अशी की, तो एका दीर्घ रोगाचे नाव आहे, आणि रुग्णकक्षात पुष्कळदा केवळ एका अवस्थेचे नाव हवे असते. संस्कृत घडणीने ‘रक्तशर्कराधिक्य’ असा शब्द सहज बनविता येईल. परंतु कोणती परिचारिका खाटेशेजारी उभी राहून तो उच्चारील? ती म्हणते ‘शुगर’. आणि या ‘शुगर’ शब्दाने रोग, रक्तातला घटक, तपासणी व तपासणीचा आकडा ही चारही कामे पत्करली आहेत : ‘त्यांना शुगर आहे’, ‘रक्तात शुगर जास्त आहे’, ‘शुगर करून आणा’, ‘शुगर दोनशे वीस’. बोलीने एका शब्दावर इतका भार टाकला असता अर्थाचा निवाडा भोवतालच्या क्रियापदाकडे जातो.

मराठीत रोगांची क्रियापदे ठरलेली आहेत. ताप येतो, सर्दी होते, दमा असतो, नायटा उठतो, अंगात कसर राहते. येणाऱ्या गोष्टी जातात. असणाऱ्या गोष्टी राहतात. ‘त्याला ताप आला आहे’ आणि ‘त्याला दमा आहे’ या दोन वाक्यांत ‘आहे’ हे रूप समान असले तरी पहिल्यात ते नुकत्याच घडलेल्या घटनेचे साहाय्यक आहे, तर दुसऱ्यात चतुर्थ्यन्त पदाशी जोडले जाऊन ते जवळजवळ मालकी दाखविते. ‘त्याला दोन मुलगे आहेत’ या धर्तीवर. ‘त्यांना शुगर आहे’ हे वाक्य दुसऱ्या जातीचे आहे. ते एकदा उच्चारले गेले की घरच्यांच्या दृष्टीने रोग्याच्या चीजवस्तूंत एकीची भर पडली.

याहून विचार करण्यासारखे क्रियापद म्हणजे ‘निघणे’. ‘ऑपरेशनच्या आधी तपासलं, तर शुगर निघाली’ हे वाक्य पुण्यातील कोणत्याही रुग्णालयाच्या पायऱ्यांवर कानी पडू शकते. निघणे या क्रियापदात एक गृहीत दडलेले आहे : जे निघते ते आधीपासून आत असते. कपाटातून जुने पत्र निघते, हिशेबात चूक निघते, खोदताना नाणी निघतात. त्यामुळे ‘शुगर निघाली’ म्हणताना बोलणारा नकळत निदान करून टाकतो. ती आधीपासून होती, आता सापडली, असा त्याचा अर्थ. हे वर सांगितलेल्या दुसऱ्या अवस्थेस तंतोतंत लागू पडते, तिसरीस मुळीच नाही. उलट ‘ताणामुळे जरा वाढलीय, होईल कमी’ हे आश्वासन तिसरीस लागू असून दुसरीत घातक ठरते. कारण ज्याचा मधुमेह पाच वर्षे अज्ञात राहिला तो मनुष्य हे वाक्य घेऊन घरी जातो आणि आणखी पाच वर्षे तपासणी करीत नाही. ‘निघाली’ म्हणावयाचे की ‘वाढली’ हे ठरविण्याचा अधिकार ग्लायकेटेड हीमोग्लोबिनच्या तपासणीचा व नंतरच्या फेरतपासणीचा आहे. प्रत्यक्षात तो, जो प्रथम बोलतो त्याच्या भाषिक सवयीकडे जातो.

येथे रोग्याच्या बाह्य रूपावरून तर्क करण्याचा मोहही असतो. बारीक अंगाचा मनुष्य, त्याला कोठून मधुमेह असणार, असे सर्रास म्हटले जाते. या समजुतीस पुण्यातूनच उत्तर मिळालेले आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच दोन छायाचित्रे शेजारीशेजारी छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचा २१.२ टक्के. तेव्हा सडपातळ पुणेकराच्या बाबतीत ‘निघाली’ हेच क्रियापद खरे असण्याचा संभव पुष्कळ, पण तोही संभवच.

‘उतरणे’ या क्रियापदाची कथा निराळी आहे. ताप उतरला, सूज उतरली, विष उतरले : मराठी कानाला उतरणे म्हणजे सुटका. साखरेच्या बाबतीत मात्र ते दोन्हीकडे चालते. ३०० ची साखर १६० वर उतरली ही समाधानाची वार्ता; १६० ची ५५ वर उतरली हे संकट. सत्तरच्या खाली घसरलेल्या साखरेने दरदरून घाम फुटतो, हातपाय थरथरतात, बोलणे असंबद्ध होते आणि उपाय न झाल्यास शुद्ध हरपते. रात्रपाळीच्या परिचारिकेने पहाटे ‘साखर उतरली’ एवढेच सांगितले, तर अर्धवट झोपेतील नातलगाला हायसे वाटण्याचीच शक्यता अधिक. म्हणूनच बहुधा येथे बोलीने इंग्रजीचा आश्रय घेतला आणि ‘शुगर लो झाली’ असा प्रयोग रूढ केला. शुद्धलेखनाच्या कैवाऱ्यांना तो खटकेल. परंतु भीतीचा जो सूर ‘उतरली’त नाही तो ‘लो झाली’त आहे, आणि बोलणाऱ्यांनी तो अचूक हेरला आहे. ‘घसरली’ किंवा ‘ढासळली’ हे मराठी पर्याय उपलब्ध होते. ते रुळले असते तर बरे झाले असते.

क्रियापद चुकले म्हणून उपचार चुकतो, असे येथे सुचवावयाचे नाही. इंग्रजीत इतके भेद करणारी परिभाषा उपलब्ध असूनही इंग्रजी भाषक देशांतील रुग्णकक्षांत एक सदोष पद्धत कित्येक दशके ठाण मांडून बसली होती, हे पाहिले म्हणजे भाषेला विचाराची धनीण मानण्याची हौस आपोआप ओसरते. ही पद्धत म्हणजे तथाकथित ‘स्लायडिंग स्केल’. ठरावीक वेळी साखर मोजावयाची आणि जेवढी अधिक तेवढ्या पायऱ्यांनी इन्सुलिन टोचावयाचे. तिचे मूळ मूत्रपरीक्षेच्या काळातले आहे. बेनेडिक्टच्या द्रावणात मूत्राचे थेंब टाकून उकळले की निळा, हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी असा रंग येई, आणि रंगागणिक मात्रा लिहिलेली असे. पुढे बोटाच्या टोकावरील रक्तथेंब तपासणारी यंत्रे आली, रंगांच्या जागी आकडे आले. पायऱ्या तशाच राहिल्या. या पद्धतीचा दोष असा की, ती साखर वाढून चुकल्यावर जागी होते. आकडा ठीक असेल त्या वेळी काहीच द्यावयाचे नसते, मग पुढील तपासणीस आकडा चढलेला दिसतो, आणि रोगी दिवसभर वर-खाली हिंदकळत राहतो.

गियेर्मो उम्पिएरेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पूर्वी इन्सुलिन न घेतलेल्या १३० मधुमेही रोग्यांचे दोन गट केले होते. एकास स्लायडिंग स्केल, दुसऱ्यास दिवसातून एकदा दीर्घकाळ टिकणारे व प्रत्येक जेवणाबरोबर जलद काम करणारे इन्सुलिन. १४० च्या खाली साखर आणण्याचे उद्दिष्ट दुसऱ्या गटातील ६६ टक्के रोग्यांत साधले, पहिल्यातील अवघ्या ३८ टक्क्यांत. आणि साखर घातक प्रमाणात घसरण्याचे प्रसंग दोन्हीकडे सारखेच विरळ होते. याच धर्तीवर शस्त्रक्रियेच्या रोग्यांचा अभ्यास २०११ मध्ये झाला. त्यात जखमेत पू होणे, न्यूमोनिया इत्यादी उपद्रव एका गटात २४.३ टक्के, तर दुसऱ्यात ८.६ टक्के रोग्यांत आढळले. अधिक उपद्रव स्लायडिंग स्केलच्या गटातले.

नव्या पद्धतीतील तीन मात्रांना मराठीत काय म्हणावे? येथे संस्कृताकडे धावण्याचे कारण नाही. ‘पायाची मात्रा’, ‘जेवणाची मात्रा’ आणि ‘दुरुस्तीची मात्रा’ हे शब्द कोणाही मराठी गृहिणीस विनासायास कळतील, आणि कोणती मात्रा कोणत्या प्रसंगी वगळता येते हेही त्या नावांतूनच सूचित होते. रोगी जेवला नाही तर जेवणाची मात्रा वगळावयाची; पायाची मात्रा बहुधा वगळावयाची नाही, कारण न जेवतादेखील यकृत साखर सोडीतच असते. ‘मात्रा’ या शब्दाला वैद्याच्या सहाणेचा जुना वास आहे हे खरे. परंतु ‘मात्रा लागू पडणे’ हा वाक्प्रचार ज्या भाषेत जिवंत आहे तीत ‘डोस’ हा शब्द अपरिहार्य नाही.

मार्गदर्शिकांचे भाषांतर करू पाहणाऱ्यास आणखी एक अडथळा लागतो, आणि तो शुद्ध व्याकरणाचा आहे. एंडोक्राइन सोसायटीची २०१२ ची मार्गदर्शिका आणि तिची २०२२ ची सुधारित आवृत्ती या दोहोंत शिफारशींच्या दोन पायऱ्या कटाक्षाने पाळल्या आहेत. पुरावा भक्कम व लाभ निश्चित असेल तेथे ‘आम्ही शिफारस करतो’, आणि जेथे रोगी, साधने व परिस्थिती पाहून निर्णय बदलू शकेल तेथे ‘आम्ही सुचवितो’. २०२२ च्या आवृत्तीतील बहुतेक शिफारशी दुसऱ्या, मवाळ पायरीवरच्या आहेत. आता मराठीत सूचना लिहिण्याची रूढ तऱ्हा म्हणजे विध्यर्थ : ‘इन्सुलिन द्यावे’, ‘साखर तपासावी’. मराठी व्याकरणे विध्यर्थाचे कर्तव्य, योग्यता, शक्यता, इच्छा असे अनेक अर्थ देतात. आणि ‘द्यावे’ या एका रूपात ते सगळे मिसळलेले असतात. परिणामी मूळ लेखकांनी कष्टाने राखलेला भेद भाषांतराच्या पहिल्याच ओळीत बुजतो.

याचे मोल प्रत्यक्ष उदाहरणात दिसते. स्लायडिंग स्केल हाच एकमेव उपाय म्हणून दीर्घकाळ चालू ठेवणे टाळावे असे २०१२ मध्ये सुचविले होते. २०२२ मध्ये मात्र, पूर्वी मधुमेह नसलेल्या व साखर १४० च्या वर गेलेल्या रोग्यांत आरंभी केवळ दुरुस्तीची मात्रा वापरावी असे सुचविले आहे. चोवीस तासांत दोन वा अधिक वेळा आकडा १८० किंवा त्यावर राहिल्यास नियमित इन्सुलिनची जोड द्यावयाची. वरवर पाहता ही पलटी वाटते. वस्तुतः प्रश्न आहे तो रोगी कोणता याचा. दोन्ही सूचना मराठीत केवळ ‘टाळावे’ आणि ‘वापरावे’ अशा छापल्या, तर वाचणाऱ्या निवासी वैद्यास त्यांत विरोध दिसेल आणि तो आपल्या जुन्या सवयीस चिकटून राहील. मराठीपाशी साधने नाहीत असे नाही. ‘दिलेच पाहिजे’, ‘द्यावे’, ‘देणे बरे’, ‘देऊन पाहता येईल’ अशी चढउताराची पूर्ण मालिका बोलीत आहे. सरकारी गद्याने तीपैकी एकच रूप उचलले आणि इतरांना अशास्त्रीय ठरविले, ही खरी अडचण.

नामकरणाने लक्ष कसे वळते याचा धडा २०२० व २०२१ या दोन वर्षांनी दिला. महाराष्ट्रातील कोविडचे पहिले रोगी ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले. त्याच वर्षी जूनमध्ये इंग्लंडमधील ‘रिकव्हरी’ या प्रयोगाने दाखवून दिले की, प्राणवायू द्यावा लागत असलेल्या रोग्यांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दररोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस दिल्याने मृत्यू कमी होतात. औषध स्वस्त होते, सर्वत्र मिळत होते, आणि त्याने असंख्य जीव वाचविले. परंतु स्टेरॉइड साखर चढवितेच. सकाळी दिलेल्या प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडचा हा परिणाम विशेषतः दुपारनंतर व संध्याकाळी दिसतो. सकाळचा उपाशीपोटीचा आकडा निर्दोष असू शकतो. प्राणवायूच्या नळीवर असलेले हजारो रोगी त्या काळात अतिदक्षता विभागाबाहेरच्या खाटांवर होते, आणि काहींना स्टेरॉइड अधिक प्रमाणात, अधिक दिवस, किंवा गरज नसताना दिले गेले.

मग म्युकरमायकोसिस आला. मे २०२१ मध्ये केंद्र शासनाने राज्यांना हा रोग साथरोग कायद्याखाली कळविण्याजोगा ठरविण्यास सांगितले. हा कायदा १८९७ चा, म्हणजे पुणेकरांच्या स्मरणात प्लेगशी कायमचा जोडला गेलेला. ॲम्फोटेरिसिन-बी या औषधासाठी नातलग गावोगाव फिरत होते. वृत्तपत्रांनी रोगास ‘काळी बुरशी’ म्हटले. हे भाषांतर इंग्रजी वृत्तपत्री नावाचे, आणि ते मुळातच चुकीचे आहे. ही बुरशी काळी नसते, तिने रक्तपुरवठा तोडल्यामुळे मेलेला नाकातोंडातील भाग काळा पडतो. पुढे ‘पांढरी’ व ‘पिवळी’ बुरशीही बातम्यांत अवतरल्या. बुरशी म्हटली की मराठी मनुष्यास लोणच्याची बरणी, ओलसर भिंत, शिळा पाव आठवतो. शोध सुरू होतो तो बाहेरच्या ओलीचा. या रोग्यांपैकी बहुसंख्यांना मधुमेह होता किंवा त्यांची साखर आवाक्याबाहेर गेलेली होती, ही रोगाच्या मुळाशी असलेली गोष्ट नावात कोठेच नव्हती. ‘स्टेरॉइडने साखर वाढवली आणि वाढलेल्या साखरेवर बुरशी पोसली’ असे प्रयोजक क्रियापदाचे वाक्य त्या महिन्यांत वैद्यांनी अनेकदा समजावून सांगितले. पण मथळ्यांत जागा मिळाली ती रंगाला. ‘साखर वाढली’ या अकर्मक वाक्यात वाढविणारा कोणी नसतो. ज्यात तो असतो असे वाक्य घरच्यांस सांगितले, तर स्टेरॉइड चालू असेतो दुपारी व रात्रीही साखर तपासावयाची हे त्यांना निराळे सांगावे लागत नाही.

अखेरीस ‘उपवास’. प्रयोगशाळेच्या अहवालातील ‘फास्टिंग’चा अर्थ विचारला असता पुष्कळ जण ‘उपवासाची’ असा करतात. मराठीत उपवास म्हणजे न खाणे नव्हे. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, बटाटा, रताळे, खजूर यांचे ते खाणे आहे, आणि ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या लोकांनीच केलेली आहे. चतुर्थीस दाखल असलेला रोगी सकाळी ‘उपास आहे’ म्हणतो. परिचारिका ते ‘काही खाल्लेले नाही’ असे ऐकते व जेवणाची मात्रा रोखून धरते. दहाच्या सुमारास घरून खिचडीचा डबा येतो. याच्या उलटही घडते : मात्रा टोचली जाते आणि रुग्णालयाचे ताट तासभर उशिरा येते, किंवा शस्त्रक्रियेसाठी रोग्यास ऐनवेळी तोंडाने काही देणे बंद होते. इन्सुलिनची वेळ आणि ताटाची वेळ यांची फारकत हे रुग्णकक्षातील साखर ढासळण्याचे एक सर्वज्ञात कारण आहे. तेथे ‘जेवणाआधी’ हा शब्दही पुरेसा नाही. किती आधी, हे इन्सुलिनच्या जातीवर अवलंबून असते. जुने साधे इन्सुलिन जेवणापूर्वी अर्धा तास, नवे जलद इन्सुलिन ताट पुढ्यात आल्यावर. ‘उपाशीपोटी’, ‘ताट आल्यावर’, ‘पहिला घास घेण्यापूर्वी’ असे शब्द खाटेशी लावलेल्या तक्त्यावर मराठीत लिहिता येतात. आणि रोगी घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर, जो बहुधा इंग्रजीत असतो, एक ओळ मराठीत असावी : साखर येथे वाढली होती, ती आधीपासून होती की नाही हे अमुक तारखेच्या तपासणीत ठरेल.